ख्रिस्ती शाळा आणि पालक : आधी सांगा, मग बोलवा



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर नाही. ख्रिस्ती संस्थेने चालवलेल्या शाळेत पालकांना माहिती कशी द्यायची आणि त्यांना शाळेच्या कामात कसं सामील करून घ्यायचं, याबद्दल आज बोलूया. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असो, नाहीतर दुसऱ्या संस्थेची, यातलं बरंच तुम्हालाही लागू पडेल.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी वाशीम जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत शिकवत होतो. डिसेंबर महिना होता. नाताळच्या कार्यक्रमात माझ्या वर्गातला एक मुलगा मेंढपाळ होणार होता. घरून चादर आणि काठी आणायला मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आजी शाळेच्या दारात उभी. हातात नातवाचं दप्तर. म्हणाली, "सर, पोट्ट्याची टीसी काढून द्या. गावात लोकं म्हणतात, तुमी पोरायले बाटवता. आमाले काहून नाई सांगतलं?"

मी म्हणालो, "आजी, आम्ही चिठ्ठी पाठवली होती."

चिठ्ठी मीच लिहिली होती. इंग्रजीत. आजीला मराठीसुद्धा जेमतेम वाचता येत होतं. मुलाचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते. ती चिठ्ठी दप्तरात वहीच्या खाली तशीच दुमडलेली सापडली.

मी आजींना बसवलं, चहा दिला आणि नाटुकल्याचे संवाद मराठीत वाचून दाखवले. मेंढपाळ कोण, बाळ कोण, गोष्ट काय, सगळं सांगितलं. नातू नाटकात नको असेल तर तसंही चालेल, त्याचे गुण कमी होणार नाहीत, हेही सांगितलं. आजी म्हणाल्या, "हे आधी सांगतलं असतं तर मी बसचं भाडं खर्चून कायले आली असती?" मुलगा शाळेत राहिला. नाटकातही राहिला.

पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका घराने काहीच न विचारता मुलीचं नाव काढून नेलं. ती अभ्यासात चांगली होती. पुढच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. तिचं पुढे काय झालं, हे मला आजही माहीत नाही. भांडायला आलेली आजी परवडली, कारण ती विचारायला तरी आली. न विचारता निघून गेलेलं घर मात्र कायमचं गेलं. म्हणून हा विषय मला सूचना फळ्यावर लावण्याइतका किरकोळ वाटत नाही.

१. आपले पालक नेमके कोण आहेत?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ११ लाख ९७ हजार. पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ इथलंच. शिरपूरचं जैन मंदिर, कारंजाचं दत्तस्थान, वाशीमचा बालाजी हेही इथलेच. बौद्ध आणि मुस्लिम समाज मोठा आहे. ख्रिस्ती कुटुंबं मात्र अगदी थोडी.

याचा अर्थ काय? आपल्याकडच्या ख्रिस्ती शाळेत बहुतेक पालक ख्रिस्ती नसतात. कोणी घरी वऱ्हाडी बोलतं, कोणी गोरमाटी, कोणी उर्दू. त्यांनी शाळा निवडली ती शिस्त, इंग्रजी किंवा वसतिगृह पाहून.

आणखी एक गंमत. आपल्या विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला लोक सर्रास 'कॉन्व्हेंट' म्हणतात. ती शाळा एखाद्या गावातल्या शिक्षण मंडळाची का असेना! त्यामुळे 'पोरगं कॉन्व्हेंटात घातलं' म्हणणाऱ्या पालकाला आपली शाळा खरोखरच ख्रिस्ती संस्थेची आहे, हे ठाऊक असेलच असं नाही. शाळेच्या नावात 'सेंट' आहे म्हणजे सगळं समजलं, असं आपण धरून चालतो. तिथेच पहिली चूक होते.

दुसरी चूक जास्त लपलेली आहे. शाळेची बातमी रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये सांगितली जाते. पाळक किंवा फादर, मुख्याध्यापक आणि ख्रिस्ती पालक तिथे भेटतात. गप्पांमध्ये सहलीची तारीख, फी, नवीन शिक्षक असं सगळं कळतं. बाकीच्या पालकांना तेच आठवडाभराने, आणि तेही अर्धवट कळतं. कोणी मुद्दाम करत नाही. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की 'त्यांच्या लोकांना' आधी सांगतात. म्हणून एक साधा नियम ठेवा : शाळेची कोणतीही सूचना सगळ्या पालकांना एकाच दिवशी. चर्चमध्ये आधी नाही.

२. १८९३ साली पुण्यात काय घडलं?

हा प्रश्न आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. उच्चवर्णीय विधवा मुलींना राहायला आणि शिकायला जागा मिळावी, हा हेतू. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई या सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी. रमाबाईंनी स्वतः १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, मुलींवर कोणताही धर्म लादायचा नाही, असं धोरण ठरलेलं होतं. अमेरिकेतून मदत करणाऱ्या मंडळाचीही तीच अट होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती.

१८९० मध्ये सदन पुण्याला आलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणाला बोलावलं नाही आणि आलेल्यांना हाकललंही नाही. पण बाहेर चर्चा वाढली. 'केसरी'सारख्या पत्रांतून टीका झाली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. सदन बंद पडलं नाही, पण त्या मुलींचं शिक्षण तुटलं.

यात चूक कोणाची, यावर आजही वाद होतो. आपण शिक्षक म्हणून एवढंच पाहूया. 'लादायचं नाही' हे धोरण होतं. पण 'मुलगी आपणहून आली तर काय करायचं' याचं उत्तर शाळा आणि पालक या दोघांना मान्य असेल असं आधी ठरलेलं नव्हतं. उघड्या दाराचा अर्थ रमाबाईंनी एक लावला, पालकांनी दुसरा. अशी मधली जागा मोकळी राहिली की ती अफवेने भरते. आणि किंमत मोजतात मुली.

३. कायदा काय सांगतो?

पालकांशी बोलताना या चार गोष्टी प्रत्येक शिक्षकाला माहीत हव्यात.

अनुच्छेद ३०. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क संविधान देतं. म्हणजे ख्रिस्ती शाळा असणं यात लपवण्यासारखं काहीच नाही.

अनुच्छेद २८(३). सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, म्हणजे १८ वर्षांखालील असेल, तर पालकाची संमती लागते. १८९३ मध्ये जी गोष्ट मोकळी राहिली होती, तिचं उत्तर इथे आहे : मूल आपणहून आलं एवढं पुरेसं नाही, पालकाचं 'हो' हवं.

शिक्षण हक्क कायदा, २००९. या कायद्याने विनाअनुदानित सोडून बाकी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या आणि इतर अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्लागार राहिली. मग ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, असं सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका नोंदवून हा प्रश्न मोठ्या खंडपीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला.

महाराष्ट्राचा शुल्क विनियमन अधिनियम, २०११. खाजगी शाळांत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. त्याच्या कार्यकारी समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेचे एक पालक व एक शिक्षक असतात. पालकांची निवड चिठ्ठ्या टाकून होते. तीन महिन्यांत निदान एक बैठक घ्यावी लागते. फीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो.

आता बघा. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समितीत पालक बसतात, कारण कायदा तसं सांगतो. ख्रिस्ती शाळेवर ते बंधन सध्या नाही. तेव्हा पालकांना खुर्ची देण्याची जबाबदारी शाळेने स्वतःहून घ्यायची आहे. कायदा विचारत नाही म्हणून आपणही विचारायचं नाही, असं केलं तर विश्वास कुठून येणार?

४. जूनमध्येच काय सांगायचं?

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची पेरणी असते. त्या आठवड्यात सभा ठेवली तर शिक्षकच शिक्षकांशी बोलत बसतात. म्हणून प्रवेश घेतानाच, पालक समोर बसलेला असताना, एक पान मराठीत द्या आणि वाचून दाखवा. त्यात एवढं असावं :

- ही शाळा कोणती संस्था चालवते.
- सकाळच्या परिपाठात काय काय म्हटलं जातं : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि शाळेची प्रार्थना. प्रार्थनेचे शब्द जसेच्या तसे छापा.
- मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकवतात आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास वेगळा असेल तर तो कोणासाठी, कधी.
- धर्मशिक्षण किंवा उपासनेला मूल बसेल की नाही : 'हो' किंवा 'नाही', आणि पालकाची सही किंवा अंगठा.
- 'नाही' म्हणणारं मूल त्या वेळी कुठे बसेल आणि काय करेल. (वाचनालयात गोष्टीचं पुस्तक, हे चांगलं उत्तर. व्हरांड्यात एकटं उभं, हे वाईट उत्तर!)
- सुट्ट्यांची यादी, आणि शंका असेल तर कोणाला, कोणत्या वारी, किती वाजता भेटायचं.

सुट्ट्यांबद्दल एक सूचना. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. पण गुड फ्रायडे आणि ईस्टर दरवर्षी का सरकतात, हे पालक हमखास विचारतात. सोपं उत्तर द्या : आपल्या बऱ्याच सणांसारखाच ईस्टरही चंद्रावर अवलंबून असतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याआधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच येतो. हे समजलं की 'यांच्या मनाला येईल तेव्हा सुट्टी देतात' हा गैरसमज आपोआप जातो. तसंच ईद, बुद्ध पौर्णिमा, आंबेडकर जयंती, महावीर जयंती, सेवालाल महाराज जयंती यांच्या आसपास चाचणी ठेवू नका. आपण त्यांच्या दिवसांची आठवण ठेवली, तर ते आपल्या दिवसांची ठेवतात.

५. निरोप खरंच पोचला का?

'ग्रुपवर टाकलं' म्हणजे सांगितलं, असं होत नाही. बहुतेक घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांसोबत शेतात किंवा कामावर असतो. आई तो रात्री पाहते, कधी पाहतही नाही. म्हणून :

पहिलं, चिठ्ठी मराठीत आणि छोटी. इंग्रजी माध्यमाची शाळा असली तरी चिठ्ठी मराठीतच, गरज असेल तिथे उर्दूतही. एका चिठ्ठीत एकच काम.

दुसरं, आवाजी निरोप. एका मिनिटाचा, नेहमीच्या बोलीत. तांड्यावरच्या पालकांसाठी गोरमाटी बोलणाऱ्या शिक्षकाकडून किंवा मोठ्या विद्यार्थ्याकडून निरोप भरून घ्या. वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांना हाच सगळ्यात जवळचा वाटतो.

तिसरं, मूल सध्या कोणाजवळ राहतं, याची नोंद. दिवाळीनंतर पुन्हा एकदा विचारा. आई-वडील ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे गेले असतील तर आजी, काका, मामा, जो कोणी सांभाळतो त्याचं नाव आणि नंबर हजेरीपटाच्या मागे लिहून ठेवा. माझ्या त्या चिठ्ठीचा खरा पत्ता आजी होत्या, आणि ते मला माहीतच नव्हतं.

चौथं, परत आलेली पावती. चिठ्ठीच्या खाली कापून द्यायचा एक तुकडा ठेवा. ज्या घरून तो आला नाही, त्या घरी फोन करा. चाळीस मुलांच्या वर्गात असे सात-आठच फोन होतात. एका मधल्या सुट्टीचं काम.

नाताळच्या कार्यक्रमाची चिठ्ठी आता मी अशी लिहितो :

"सप्रेम नमस्कार. २३ डिसेंबरला सकाळी ११ वाजता शाळेत नाताळचा कार्यक्रम आहे. मुलं येशूच्या जन्माच्या गोष्टीवर छोटं नाटक करतील आणि गाणी म्हणतील. आपल्या मुलाने भाग घ्यावा की नाही, हे आपण ठरवा. भाग न घेतल्यास गुणांवर परिणाम होणार नाही. नाटकाचे संवाद शाळेत ठेवले आहेत, कधीही येऊन वाचा किंवा वाचून घ्या. आपण सर्वांनी कार्यक्रमाला यावं, चहा आपल्यासोबत घेऊ."

एवढीच. पण यात काय होणार, निवड कोणाची आणि शंका कुठे विचारायची, हे तिन्ही आलं.

६. सहभाग म्हणजे फक्त टाळ्या वाजवणं नाही

माहिती दिली की अर्धं काम झालं. पालकांना आपण बोलावतो कशाला? बहुतेक वेळा तक्रार सांगायला, फी मागायला, नाहीतर स्नेहसंमेलनात खुर्चीवर बसायला. मग ते टाळतात, यात नवल काय?

त्यांना येतं ते करायला बोलवा. भूगोलात पिकांचा धडा असेल तर तूर-सोयाबीनवर बोलायला शेतकरी वडील बोलवा. बंजारा भरतकाम करणाऱ्या आईकडून कार्यानुभवाचा एक तास घ्या. बस चालवणारे काका वाहतुकीचे नियम सांगतील. एखादा ख्रिस्ती पालक नाताळबद्दल आणि मुस्लिम पालक ईदबद्दल वर्गात दहा मिनिटं बोलला, तर मुलांना एकमेकांची घरं कळतात. या कामाला पैसे लागत नाहीत.

सभेची वेळ त्यांच्या सोयीने ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसं तालुक्याला येतातच. त्या दिवशी दुपारी पाऊण तासाची सभा ठेवून बघा, हजेरीतला फरक दिसेल. सभेत पहिली दहा मिनिटं पालकांची. आणि मागच्या सभेत त्यांनी जे सांगितलं त्याचं काय झालं, हे आधी वाचून दाखवा. "मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लावली. पिण्याच्या पाण्याची टाकी दुरुस्त झाली. बसची वेळ बदलता आली नाही, कारण हे." 'नाही' सुद्धा सांगा, पण कारणासकट.

शाळेच्या समितीत फक्त ख्रिस्ती पालक किंवा फक्त शहरातले, इंग्रजी येणारे पालक नकोत. तांड्यावरची एक आई, मोहल्ल्यातले एक वडील, बौद्ध वस्तीतले एक पालक असायला हवेत. उद्या गावात काही बोललं गेलं, तर उत्तर द्यायला मुख्याध्यापक तिथे नसतात. ही माणसं असतात. "मी सभेत होतो, तसं काही नाही," हे त्यांनी म्हटलेलं गाव ऐकतं.

७. पालकहो, तुमच्यासाठी दोन शब्द

शाळेत या आणि विचारा. प्रार्थनेत काय म्हणतात? धर्मशिक्षण कोणाला आहे? आमचं मूल नाही बसलं तर? फी कोणत्या समितीत ठरली? हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे, तुमचा हक्क आहे. शाळेने नीट उत्तर दिलं नाही तर लेखी विचारा. पण कोणीतरी बाजारात सांगितलं म्हणून दप्तर उचलून नेऊ नका. वर्षाच्या मध्ये शाळा सुटली की मूल, त्यातही मुलगी, पुन्हा शाळेत बसेलच असं नाही.

आणि जे ख्रिस्ती पालक आहेत, त्यांनीही एक लक्षात घ्यावं. शाळा आपल्या समाजाने उभी केली, याचा अभिमान जरूर असावा. पण वर्गात आपल्या मुलाच्या शेजारी बसलेल्या मुलाची आई पहिल्यांदाच फाटकातून आत येत असते. तिला "या ताई, इकडे बसा" म्हणणारं पहिलं माणूस तुम्ही व्हा.

ती आजी नंतर दर सभेला यायच्या. पुढच्या डिसेंबरात मी चिठ्ठी द्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सर, औंदा आमच्या पोट्ट्याले कोन करता? मागच्या वर्षीची काठी अजून घरीच हाय."

तुमच्या शाळेत पालकांपर्यंत निरोप कसा पोचवता? एखादा उपाय फसला असेल तर तोही सहकाऱ्यांना जरूर सांगा. फसलेल्यातूनच आपण जास्त शिकतो.